जस्ती बादली आणि मक्यावरचे पांढरे पट्टे

तीन वर्षांपूर्वी मका उगवून जेमतेम तीन आठवडे झाले असतील, तेव्हा शेताच्या वरच्या अंगाला रोपांची नवी पाने विचित्र दिसू लागली. मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना, पानाच्या बुडाकडच्या निम्म्या भागात, फिकट पांढरट रुंद पट्टे उमटले होते. मध्यशीर, पानाची कड आणि टोक मात्र हिरवेच होते. पोंग्यातून बाहेर येणारे पान तर इतके पांढुरके असे की लांबून पाहणाऱ्याला ते वाळलेले वाटावे. खालच्या अंगाला त्याच दिवशी पेरलेला, त्याच बियाण्याचा मका गुडघ्याला लागला होता आणि वरचा मात्र पेरे आखडून वीतभर उंचीवरच थांबला होता.

थोरल्या भावाने पाहताक्षणी नत्राची कमतरता ठरवली आणि आम्ही युरियाचा हप्ता आठ दिवस अलीकडे दिला. पानांचा हिरवा भाग त्याने आणखी गडद झाला, पण पट्टे जागच्या जागी राहिले आणि गडद हिरव्याशेजारी ते उलट जास्तच उठून दिसू लागले. नत्र झाडात सहज फिरते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून मक्यात नत्राचा पिवळेपणा खालच्या पानाच्या टोकापासून सुरू होऊन मध्यशिरेने आत सरकतो. जस्त, लोह किंवा बोरॉन यांची अशी मोकळी हालचाल होत नाही, त्यामुळे त्यांची उणीव कोवळ्या पानांवर किंवा शेंड्यावर आधी दिसते. एवढी एक गोष्ट ठाऊक असती तर तो हप्ता वाया गेला नसता, पण ती मला पुढे दोन महिन्यांनी कळली.

युरियाने काम झाले नाही म्हणून मी खतविक्रेत्याकडे गेलो. दहा वर्षांपूर्वी त्याच दुकानात सूक्ष्म अन्नद्रव्ये, म्हणजे जस्त-लोहासारखी पिकाला अगदी थोडी लागणारी द्रव्ये, ही कोपऱ्यातली दोन पोती असत. आता एक अख्खी भिंत त्यांच्या बाटल्यांनी भरलेली होती. पट्ट्यांचे वर्णन अर्धे ऐकूनच त्याने सहा अन्नद्रव्यांचे मिश्रण असलेली बाटली पुढे केली आणि लिटरला अडीच मिली असे प्रमाण सांगितले. मी ते फवारले. चार-पाच दिवसांनी पाने किंचित तजेलदार वाटली, किंवा तशी वाटावीत अशी माझी इच्छा होती; पंधरा दिवसांनी नवे पान पुन्हा पांढरे पट्टे घेऊनच आले.

बाटली रिकामी झाल्यावर मी तिच्यावरचा मजकूर प्रथमच नीट वाचला आणि पेन्सिल घेऊन बसलो. जस्ताचे प्रमाण 3 टक्के होते. एकरी 200 लिटर पाण्यात अडीच मिलीप्रमाणे अर्धा लिटर औषध गेले, म्हणजे एकरभर पिकावर सुमारे 15 ग्रॅम जस्त पडले. त्याच 200 लिटर पाण्यात साधे झिंक सल्फेट अर्धा टक्का, म्हणजे एक किलो, विरघळवले असते, तर त्यातील 21 टक्क्यांच्या हिशेबाने 210 ग्रॅम जस्त गेले असते. बाटली खोटी नव्हती, तिच्यावर लिहिले होते तेच तिच्यात होते. पण माझ्या पिकाची भूक आणि तिची मात्रा यांचा मेळ घालण्याचे काम कोणीच केले नव्हते, आणि ते माझे मीच करायला हवे होते.

मग माती परीक्षण. एरवी आम्ही नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि सामू (मातीची आम्ल-विम्लता) एवढ्यापुरतीच माती तपासत असू. या वेळी सूक्ष्म अन्नद्रव्येही मागितली. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी पृष्ठभागावरचा काडीकचरा बाजूला सारून व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या एका बाजूची पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची सारख्या जाडीची माती काढायची, सगळी एकत्र मिसळून चार भाग करत समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवायचे. बांधाजवळची, झाडाखालची आणि शेणखताचा ढीग पडलेल्या जागेची माती घ्यायची नाही. हे सगळे मी काटेकोरपणे केले, सावलीत माती वाळवली आणि पिशवी प्रयोगशाळेत दिली. अहवालात सगळ्या सूक्ष्म अन्नद्रव्यांपैकी जस्तच सर्वात उठून दिसत होते: दहा लाख भागांत 3.9 भाग, म्हणजे भरपूर.

मी गोंधळलो, पण प्रयोगशाळेतल्या बाई माझ्याआधीच सावध झाल्या होत्या. त्यांचाच फोन आला. "एवढा सामू आणि एवढा चुना असलेल्या जमिनीत इतकं जस्त मला पटत नाही. माती गोळा कशात केली होती तुम्ही?" मी म्हटले, बादलीत. "कसल्या बादलीत?" मी सांगितले, घरातली जुनी जस्ती बादली. पलीकडे क्षणभर शांतता होती, आणि त्या क्षणातच माझ्याही डोक्यात उजेड पडला. आयुष्यभर जिला जस्ती बादली म्हणत आलो, तिला तसे का म्हणतात याचा मी कधी विचारच केला नव्हता. आतल्या बाजूचा जस्ताचा मुलामा ठिकठिकाणी उडाला होता, आणि त्यातले काही कण माझ्या मातीसोबत प्रयोगशाळेपर्यंत गेले होते. इथे मोजमाप दहा लाखांत अर्ध्या भागाचे असते, त्यामुळे चिमूटभर कपचीही पुरेशी होते.

दुसऱ्यांदा प्लॅस्टिकची बादली घेतली. खड्डा फावड्यानेच केला, पण फावडे लागलेला मातीचा थर लाकडी पट्टीने खरवडून टाकला आणि आतली माती घेतली. बाईंच्या सांगण्यावरून वरच्या आणि खालच्या अंगाचे नमुने वेगळे केले. पहिल्या वेळी दोन्ही एकत्र करून मी शेतातला मूळ फरकच पुसून टाकला होता. या वेळचा अहवाल मी अजून जपून ठेवला आहे. वरच्या अंगाला सामू 8.4, सेंद्रिय कर्ब 0.31 टक्के, मुक्त चुना 14 टक्के, जस्त 0.34; खालच्या अंगाला सामू 8.0, कर्ब 0.62, चुना 6 टक्के, जस्त 0.82. लोह, मंगल (मँगेनीज), तांबे आणि बोरॉन दोन्हीकडे कमतरतेच्या रेषेच्या वर होते. डीटीपीए नावाच्या द्रावणात माती दोन तास हलवून, गाळून हे जस्त मोजतात. 1978 मध्ये लिंडसे आणि नॉर्वेल यांनी रूढ केलेली ही पद्धत अशाच विम्ल आणि चुनखडीच्या जमिनींसाठी आहे. ती जमिनीतले एकूण जस्त सांगत नाही, पिकाच्या मुळांना मिळू शकेल अशा हिश्श्याचा अंदाज देते. साधारण 0.6 ते 0.8 च्या खाली आकडा गेला की मक्यासारखे पीक जस्ताला प्रतिसाद देण्याची शक्यता वाढते.

एकाच शेताच्या दोन अंगांत एवढा फरक कसा, याचे उत्तर अहवालात नव्हते, ते भावाच्या आठवणीत होते. सात वर्षांपूर्वी पाणी सारखे बसावे म्हणून आम्ही शेताचे सपाटीकरण केले, तेव्हा वरच्या अंगाची फूटभर माती काढून खाली भरली होती. कसदार थर गेला आणि चुन्याचे खडे असलेला पांढुरका थर उघडा पडला. आम्ही त्याला इतकी वर्षे "वरची हलकी जमीन" म्हणत होतो. ती हलकी आम्हीच केली होती. सामू एकाने वाढला की मातीच्या द्रावणातले जस्त सुमारे शंभरपट कमी होते, आणि सेंद्रिय पदार्थ जे थोडे धरून ठेवतात तेही कर्ब घटल्यामुळे उरत नाही. शिवाय आम्ही दरवर्षी डीएपी हे स्फुरदाचे खत भरपूर देत होतो. वरच्या अंगाला पीक कमी येते म्हणून तिथे जास्तच देत होतो, आणि स्फुरदाचा अतिरेक झाला की पिकातली जस्ताची उणीव आणखी तीव्र होते. आजारावर उपाय म्हणून आजाराचेच खाणे चालू होते.

सूक्ष्म अन्नद्रव्यांची मागणी सगळीकडे का वाढते आहे, याचे उत्तर मला या एका तुकड्यात बरेचसे दिसले. पूर्वी शेणखताच्या गाड्यांबरोबर थोडे थोडे सगळेच शेतात जायचे, आणि उत्पादनही बेताचे असल्याने थोड्यात भागायचे. आता खते जास्त शुद्ध, जास्त तीव्र आणि मोजक्याच अन्नद्रव्यांची झाली, वाण जास्त उत्पादन देणारे आले, आणि धान्याबरोबर कडबाही शेताबाहेर जाऊ लागला. मक्याच्या दाण्यात किलोला साधारण 20 मिलिग्रॅम जस्त धरले, तर हेक्टरी 10 टन मक्याबरोबर 200 ग्रॅम जस्त शेत सोडून जाते. आकडा ऐकायला किरकोळ आहे, आणि किरकोळ असल्यामुळेच तो वर्षानुवर्षे कोणाच्या वहीत चढत नाही. मातीतला एकूण साठा याच्या कितीतरी पट मोठा असतो, हेही खरे. पण कुलूपबंद कोठारातल्या धान्यावर रोजची चूल पेटत नाही.

त्या हंगामात उशीर झाला होता, तरी उभ्या पिकावर झिंक सल्फेट अर्धा टक्का आणि त्याच्या निम्मा चुना असे द्रावण फवारले. सल्फेटच्या द्रावणाने कोवळी पाने करपतात, चुन्याने त्याची आम्लता मारली जाते. रात्री चुना भिजत घातला, सकाळी वरची निवळी फडक्यातून गाळून घेतली. पंधरा लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 37 ग्रॅमच्या आसपास चुना. दहा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या झाल्या. नंतर आलेली पाने हिरवी आली, पट्टे पडलेली जुनी पाने पुन्हा भरून आली नाहीत. वेळ वाचवण्यासाठी एका पंपात मी पाण्यात विरघळणारे स्फुरदयुक्त खतही टाकून पाहिले, तर पाणी ताकासारखे पांढरे झाले आणि नोझल चोंदले. फॉस्फेट आणि जस्त एकत्र आल्यावर न विरघळणारा साका तयार होतो, हे मला पंप धुता धुता समजले. आता नवे काही मिसळायचे असेल, तर आधी काचेच्या बरणीत थोडेसे मिसळून अर्धा तास पाहतो.

दुसऱ्या वर्षी पेरणीपूर्वीच तयारी केली. हेक्टरी 25 किलो हे झिंक सल्फेटचे जमिनीतून देण्याचे रूढ प्रमाण आहे, म्हणजे एकरी 10 किलो. वरच्या अंगाच्या दीड एकराला 15 किलो लागले. एवढेसे खत दीड एकरात सारखे पसरणे हाताला जमत नाही, म्हणून चाळलेल्या शेणखतात चांगले मिसळून आडवे-उभे असे दोनदा फेकले आणि कुळवाने मातीत मिसळले. डीएपी त्याच्यात मिसळले नाही; मातीच्या चाचणीत स्फुरद भरपूर असल्याने त्याची मात्राच निम्मी केली आणि ती पेरणीच्या वेळी ओळीत दिली. भाऊ म्हणाला, चिलेटेड का नाही? चिलेट म्हणजे धातूला पंजात धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू. तो जस्ताला मातीत अडकू देत नाही, त्यामुळे कमी मात्रेत काम होते. पण पेरणीपूर्वी मातीत मिसळून देण्याची सोय असेल, तर सल्फेट पुरते आणि त्याचा अवशिष्ट परिणाम पुढच्या दोन-तीन पिकांपर्यंत टिकतो. ठिबकमधून किंवा फवारणीतून द्यायचे झाले असते, तर मी वेगळा विचार केला असता.

या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे आठ ओळी. वरच्या अंगाला आठ ओळींच्या पट्ट्यात मी जस्त मुद्दाम दिले नाही, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. आणि खालच्या अंगाला, जिथे अहवालानुसार जस्त पुरेसे होते, तिथे उलट आठच ओळींना दिले. भावाला हे अजिबात रुचले नाही. "आपल्याच पिकाला उपाशी ठेवायचं?" असे तो दोन-तीनदा म्हणाला. पण बाटलीच्या वेळी मी नेमका याच जागी फसलो होतो: सगळ्या शेतावर फवारले, त्यामुळे न फवारलेले कसे दिसले असते हे सांगायला काहीच उरले नव्हते.

उगवणीनंतर बाविसाव्या दिवशी सकाळी मी त्या खुंट्यांपाशी उभा होतो. वरच्या अंगाच्या आठ ओळींत तेच पांढरे पट्टे आले होते, आणि नवव्या ओळीपासून पुढे पाने एकसंध हिरवी होती. सीमा इतकी सरळ की दोरी लावल्यासारखी. मी भावाला बोलावले. तो काही न बोलता ओळींमधून चालत गेला आणि परत आला. स्त्रीकेसर दिसू लागल्यावर कणसाजवळची पाने दोन्हीकडून तोडली, धूळ जाण्यासाठी स्वच्छ पाण्याने धुतली, वाळवून प्रयोगशाळेत दिली: जस्त दिलेल्या मक्यात 27, न दिलेल्यात 13. मक्याच्या या पानात 20 च्या खाली आकडा म्हणजे उणीव समजतात. काढणीला प्रत्येक भागातून मोजून सारख्या लांबीच्या ओळी तोडल्या, दाणे सारखे वाळवून तोलले. वरच्या अंगाला जस्त दिलेल्या ओळींत सुमारे पंचमांश दाणा जास्त भरला. खालच्या अंगाला जस्त दिलेल्या आणि न दिलेल्या ओळींत मला तरी फरक सापडला नाही. एका शेतातले, एका हंगामातले हे तोलमाप आहे, त्याला त्याहून मोठे नाव देऊ नये. पण खालच्या अंगाला ते 10 किलो एकरी टाकले असते, तर त्या हंगामात मला त्याचे काही मिळाले नसते, एवढे नक्की.

यशाने माणूस जरा सैल होतो. त्याच वर्षी भाजीच्या तुकड्यात फुलकोबीचे दांडे आतून पोकळ आणि तपकिरी निघाले. लक्षण बोरॉनच्या उणिवेशी जुळत होते आणि त्या तुकड्याच्या चाचणीतही बोरॉन कमी आले, तिथपर्यंत मी बरोबर होतो. बोरॅक्समध्ये सुमारे 11 टक्के बोरॉन असते, आणि हेक्टरी एक-दोन किलो बोरॉन फुलकोबीला पुष्कळ होते. मी मात्र जस्ताच्या सवयीने हात सैल सोडला, आणि तुकडा लहान असल्याने शेणखतात न मिसळता तसेच फेकले. फुलकोबीने तक्रार केली नाही. तिच्यानंतर त्याच जागी घेवडा लावला, तेव्हा काही ठिकाणी रोपांच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या आणि मग कागद जळावा तशा तपकिरी झाल्या, शेजारी हातभर अंतरावर रोपे ठणठणीत. मी जिथे मूठ उघडली होती, तिथले ते ठसे होते. बोरॉन वनस्पतींना आवश्यक आहे, हे 1923 मध्ये कॅथरीन वॉरिंग्टन यांनी दाखवले, तेही घेवड्यासारख्याच एका शेंगवर्गीय पिकावर; त्याच अन्नद्रव्याने माझा घेवडा जळाला. पुरेसे आणि जास्त यांमधली पट्टी बोरॉनच्या बाबतीत फार अरुंद आहे, आणि फुलकोबीला मानवणारी मात्रा घेवड्याला मानवतेच असे नाही. त्यानंतर भरपूर पाणी देऊन ते खाली धुऊन काढण्यातच एक हंगाम गेला.

लोहाबाबत थोडक्यात सांगतो, कारण ते काम अजून चालू आहे. बांधाकडच्या लिंबाच्या झाडांची शेंड्याकडची पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या बारीक शिराही हिरव्या जाळीसारख्या दिसतात. मातीत लोह टनांनी आहे, पण या सामूला ते गंजासारखे घट्ट बसते. ठिबकमधून आधी ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह दिले, काहीच झाले नाही. सामू साडेसहाच्या वर गेला की तो पंजा लोह सोडून चुन्याच्या कॅल्शियमला धरतो. ईडीडीएचए प्रकारचे, ज्याचे पाणी गडद लाल होते, ते या जमिनीत टिकते आणि त्याने नवी पालवी हिरवी आली. तरी दोन झाडे पिवळीच राहिली. त्यांच्या मुळाशी खणले तेव्हा पाणी साचलेले निघाले. त्यांना लोह नव्हे, चर हवा होता.

आता दुकानात गेलो की मी अहवाल खिशात घेऊन जातो. विक्रेता हसतो, पण हल्ली तोही इतरांना आधी माती तपासली का असे विचारताना मी ऐकले आहे. मागणी वाढली यात मला वावगे काही वाटत नाही. उणीव खरी आहे आणि ती वाढणारच आहे. माझे भांडण फक्त त्या सवयीशी आहे जिच्यात पिवळे पान दिसले की सहा अन्नद्रव्ये एकदम पाजली जातात, कारण त्यातले कोणते लागू पडले आणि कोणते फुकट गेले हे त्यानंतर कधीच कळत नाही.

यंदा तिसरा मका आहे. वरच्या अंगाला मागच्या मक्याच्या वेळी जस्त दिलेले असल्याने या वर्षी दिलेले नाही, आणि त्या आठ ओळींच्या पट्ट्यात या वेळी शेणखत दुप्पट घातले आहे, जस्त नाहीच. कर्ब वाढल्याने पट्टे कमी होतात का, हे पाहायचे आहे. मका उगवून आज एकोणीस दिवस झाले. काल संध्याकाळी भाऊ मला न सांगता खुंट्यांपर्यंत जाऊन आला, काय दिसले असे विचारले, तर म्हणाला, "अजून तीन दिवस थांब."